शताब्दीला फायबरचे बैल आणायचे का गावातच शिल्पं घडवायची?

(आलेलं पत्र, थोडं कमी करून)

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात हायस्कूलला ड्रॉइंग शिकवतो. पुढच्या वर्षी आमच्या नगरपरिषदेला शंभर वर्षं होऊन राहिली. शताब्दी समिती झाली, मला सचिव केलं. व्यापारी, जिनिंगवाले आणि गावची वर्गणी मिळून 12 लाखांपर्यंत जमेल असं दिसते. गावात शिल्पाचं काहीतरी कायमचं काम व्हावं हे सगळ्यांना मान्य आहे, पुढं मात्र एकमत नाही. अध्यक्षांना बसस्टँड चौकात महापुरुषाचा पूर्णाकृती पुतळा पाहिजे. तरुण पोरांनी मोबाईलवर परदेशातल्या रंगवलेल्या गायी पाहिल्या, त्यांचं म्हणणं आपण फायबरचे 20 बैल मागवू, रंगवून घेऊ आणि गावभर ठेवू. मला वाटते आपल्याच पाथरवट, लोहार, सुतार लोकांना घेऊन काही करावं, पण मीटिंगमध्ये एक जण म्हणाला की पाटे-वरवंटे करणारे लोक ते, त्यांना शिल्प काय जमते. आणि बाहेर लोक बोलून राहिले की एवढ्या पैशात नाली झाली असती. काय करू?

—

सर, नमस्कार.

सरळच सांगते, तुमच्या मनात जे आहे तेच करा. शिल्पं गावात घडवा, गावातल्या हातांनी घडवा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं उघड्यावर घडवा. शताब्दी गावाची आहे ना, मग ज्या कामाला गावातल्या कोणाचा हातच लागला नाही ते काम शताब्दीचं कसं म्हणायचं. विकत आणलेलं शिल्प रात्री ट्रकमधून उतरते, सकाळी पाहुण्यांच्या हातानं कापड निघते, फोटो होतात आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच्या पायथ्याशी खर्ऱ्याच्या पन्न्या जमा व्हायला लागतात. लोकांना दोष देऊन उपयोग नाही, त्या वस्तूशी त्यांचा काही संबंधच आलेला नसतो. पण जो दगड त्यांनी एका बाजाराच्या दिवशी कोरा पाहिला, पुढच्या बाजारी अर्धा निघालेला पाहिला, मिस्त्रीजवळ उभं राहून चार प्रश्न विचारले, त्या दगडावर कोणी पिचकारी मारायला गेला तर बाजूचा माणूसच त्याला हटकते.

आता समितीतल्या लोकांशी कसं बोलायचं ते पाहू, कारण तुमचं खरं घोडं तिथंच अडलं आहे.

अध्यक्षांना आधी भेटा, मीटिंगमध्ये नाही, घरी जाऊन. पुतळा नको असं म्हणूच नका. त्यांची भावना खरी आहे, महापुरुषाचा पुतळा हा गावासाठी मोठा विषय आहे, आणि म्हणूनच तो शताब्दीच्या धामधुमीत उरकायचा विषय नाही हे त्यांना समजावून सांगा. पुतळ्यासाठी शासनाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, 2017 चा शासन निर्णय आहे, त्यात नगरपरिषदेचा ठराव लागतो, जागेच्या मालकीचे कागद लागतात, पोलिसांकडून कायदा-सुव्यवस्थेचं ना हरकत लागते, मूर्तिकारानं केलेल्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि हे सगळं घेऊन प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. मॉडेलमध्ये चेहरा जमला नाही तर ते परत येते, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. बरं, बसस्टँड चौक म्हणजे रस्ता. सुप्रीम कोर्टानं 18 जानेवारी 2013 ला आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, फुटपाथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम करायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये. उद्या पैसे जमले, मूर्तिकाराला अ‍ॅडव्हान्स गेला आणि जागेवर गाडी अडकली तर शताब्दीचं वर्ष निघून जाईल आणि पुतळा कुठल्यातरी गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली पडून राहील, अन् ते तुमच्या गावात कोणालाच सहन होणार नाही, अध्यक्षांना तर नाहीच. पुतळ्याच्या कामात कुठं कसर राहिली की काय होते ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे, मालवणला 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला महाराजांचा पुतळा कोसळला, नऊ महिनेही नाही झाले, अजून तो फोटो समोर आला की जीव कासावीस होतो. म्हणून पुतळ्याचा वेगळा ठराव घ्या, वेगळी समिती करा, तिचे अध्यक्ष त्यांनाच करा आणि दोन-तीन वर्षं घेऊन ते काम शांतपणे, नीट होऊ द्या. हे मनापासून सांगा, टाळायला म्हणून नाही, त्यांना फरक कळतो.

पोरांवर रागावू नका. त्यांची आयडिया वाईट नाही, त्यांनी ती अर्धीच पाहिली आहे. त्या रंगवलेल्या गायी 1998 मध्ये झुरिचच्या रस्त्यांवर आल्या, 1999 मध्ये शिकागोला तीनशेच्या वर ठेवल्या, तिथून जगभर पसरल्या, पण त्या एका सीझनपुरत्या होत्या. सीझन संपला की उचलल्या, पुष्कळांचा लिलाव केला आणि पैसे धर्मादाय कामाला दिले. आपण मात्र फायबर आणून कायमचं उन्हात ठेवायचं म्हणून राहिलो, आणि आपलं ऊन म्हणजे मे मध्ये 45 च्या वर. फायबर म्हणजे काचेची मॅट आणि रेझिन. उन्हानं रेझिन पिवळं पडते, वरचा कोट हाताला पावडर लागावी तसा सुटतो, बारीक तडे जातात, आणि आतून पोकळ असल्यामुळं आतली लोखंडी फ्रेम खालच्या काँक्रीटला नीट बोल्ट केलेली नसली की मे-जूनच्या वावधनात बैल आडवा. चांगला जेलकोट आणि यूव्ही स्टॅबिलायझरवालं फायबर टिकते, नाही असं नाही, पण 20 नग तुमच्या बजेटमध्ये देतो म्हणणारा सप्लायर कोणत्या प्रतीचा माल देऊन राहिला हे त्याच्याकडून लेखी घ्या, मग पाहा भाव कुठं जातो ते.

आणि बैलच पाहिजे तर बैल आपल्याकडं आहे की हो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरं लाकडी बैल ओढत घरोघरी जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतात, तुमच्या गावातले सुतार हे बैल बापजाद्यांपासून करून राहिले. त्यांच्याकडून दोन-अडीच फुटांचे 20 बैल करून घ्या, एकेका शाळेला एकेक रंगवायला द्या, आणि पोळ्यापासून गणपती उठेपर्यंत दुकानांच्या ओट्यांवर, पावसात भिजणार नाहीत असे ठेवा. मग लिलाव. जिनिंगवाले, डॉक्टर, कृषी केंद्रवाले हौसेनं घेतील आणि तो पैसा शिल्पांच्या देखभालीचा. थोड्या दिवसांचं शिल्प ही गोष्ट आपल्याला शिकागोकडून शिकायची गरजही नाही, त्याच तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, एवढ्या मोठ्या आकृत्या करतात, मिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात, तरी पाहायला रस्ते फुटतात. पोरांना ही जबाबदारी द्या, ते तुमच्या बाजूला येतील.

आता तो मीटिंगमधला माणूस. पाटे-वरवंटे करणाऱ्यांना शिल्प काय जमते, हे वाचून मला फार लागलं. त्याला एक दिवस पाथरवटाजवळ नेऊन उभं करा. दगड निवडताना तो काय करते ते पाहू द्या. हातोडी हलकीशी मारून आवाज ऐकतो, खणखणीत आला तर आतून एकसंध, बद्द आला तर आत चीर आहे. मग अंगावर पाणी टाकते आणि वाळायची वाट पाहते. दगड वरून सुकतो पण जिथं केसाएवढी भेग असते तिथं ओली रेघ उशिरापर्यंत राहते, तो दगड बाजूला. हे त्याला कोणत्या कॉलेजनं नाही शिकवलं. आणि पाटा टाकवताना जे ठिपके पडतात ते बोटानं चाचपून पाहा, सगळे एकाच खोलीचे, एका ओळीत, मधात कुठं चुकलेला घाव नाही. आपला काळा दगड टाकीनं फोडला की पांढुरका राखाडी दिसतो आणि घासून पॉलिश केला की काळाभोर होतो, म्हणजे रंगाचा थेंब न लावता एकाच दगडात दोन रंग मिळतात, कापसाचं बोंड कोरायचं असलं तर आणखी काय पाहिजे. बोंडाचं कवच पॉलिश, आतला कापूस नुसत्या टाकीचा. तुमचा पाथरवट हे डोळे झाकून करेल.

हां, एक खरं आहे ते आपणही मान्य करू. चारही बाजूंनी पाहायचं मोठं शिल्प कसं रचायचं, दुरून कसं दिसेल, वजन कुठं पडेल ही वेगळी विद्या आहे. म्हणून जोड्या लावा. एक गावचा कारागीर आणि एक शिकलेला शिल्पकार, असं एकेका शिल्पाला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिल्पकलेचा विभागच आहे, तिथून निघालेली विदर्भातली पोरं शोधा, नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात विचारा, नागपूरलाच दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, त्यांच्याकडं कारागीर आणि कलाकार दोघांची ओळख असते, त्यांना समितीच्या लेटरहेडवर पत्र टाका. पण दोघांचं मानधन सारखं ठेवा. शिल्पकाराला मानधन आणि पाथरवटाला रोजी असं केलं तर पहिल्याच दिवशी एक साहेब आणि एक मजूर होऊन बसते, मग मजूर तोंड उघडत नाही आणि तुम्हाला जे पाहिजे होतं ते दगडात येतच नाही. या एका गोष्टीवर समितीशी भांडायची पाळी आली तर भांडा.

उघड्यावर, दगडाजवळ राहून काम करायची ही पद्धत जगातही मान्य झालेली आहे. 1959 मध्ये ऑस्ट्रियात सेंट मार्गारेटन गावच्या दगडखाणीत कार्ल प्रांट्ल नावाच्या शिल्पकारानं देशोदेशीचे शिल्पकार गोळा केले, खाणीतच काम, खाणीतच चर्चा, आणि तिथून अशी शिबिरं देशोदेशी सुरू झाली. मीटिंगमध्ये कोणी म्हटलं की हे काय खेडवळ काम, तर हे सांगा.

किती शिल्पं? तीनच करा. दोन दगडाची, एक लोखंडाचं. 12 लाख ऐकायला मोठे वाटतात, पण दगड, वाहतूक, मानधन, राहणं-जेवण, पाया, सगळं लागलं की संपतात. चंद्रपूरला लालपेठ भागात कधी गेले असाल तर त्या अजस्र दगडी मूर्ती पाहिल्या असतील, रायप्पा नावाच्या व्यापाऱ्यानं घडवून घेतल्या असं सांगतात, ज्या देवळासाठी घडवल्या ते देऊळ काही झालं नाही आणि मूर्ती उघड्यावरच राहिल्या. हातात घ्यायचं ते पुरं होईल एवढंच घ्या.

दगडाचं गणित आधी करा. 3 फूट उंच, दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा काळ्या दगडाचा गोटा म्हणजे अंदाजे साडेपाचशे किलो. चार माणसं लावून हलत नाही तो, हायड्रा म्हणजे क्रेन लागते, येताना एकदा आणि बसवताना एकदा, दोन्ही वेळचं भाडं धरा. दगड खाणीतून घेतला तर रॉयल्टीची पावती मागून घ्या, शताब्दीच्या कामावर तहसीलची गाडी येऊन थांबली तर शोभत नाही. कोणी सुचवेल की वणी-चंद्रपूरकडचा वाळूचा दगड आणू, कोरायला मऊ पडतो. मऊ पडतो हे खरं, पण त्याच्या धुळीत सिलिका भरपूर असते आणि ती धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. काळ्या दगडात ती फार कमी असते, तरीही ग्राइंडर चालवताना पाणी सोडत राहायचं, मास्क एन-95 चा, रुमाल नाही, डोळ्याला गॉगल, आणि पाहणाऱ्यांसाठी दोरी बांधायची ती वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे लेकरांच्या अंगावर धूळ येणार नाही. कारागीर म्हणतील आम्हाला सवय आहे. सवयीनं फुफ्फुस वाचत नाही, तुम्ही सचिव आहात, मास्कशिवाय काम बंद म्हणून सांगा.

लोखंडाच्या शिल्पाबद्दल मला फार उत्साह आहे, कारण त्यात अख्खं गाव येऊ शकते. ट्रॅक्टर आल्यापासून घरोघरी गोठ्यात, माळ्यावर जुनं लोखंड पडून आहे. वखराची पास, नांगराचा फाळ, बैलगाडीच्या चाकाची धाव, विहिरीवरच्या मोटेचं चाक, जिनिंगमधली दातेरी चक्रं. दवंडी द्या, म्हणजे आता भोंग्याच्या ऑटोवर द्या, की शताब्दीच्या शिल्पासाठी घरातलं एक जुनं अवजार द्या. शाळेत एक वही ठेवा, कोणाच्या घरून काय आलं, ते कोणी वापरलं होतं, आजोबा का पणजी, तेवढं लिहून घ्या, ती वही पुढं गावच्या इतिहासाच्या कामाची होईल. मग गावचा लोहार, एक चांगला वेल्डर आणि शिल्पकार मिळून त्याचं काय होते ते पाहतील, भरलेली कापसाची बंडी होईल, नाही तर शकुंतलेचं, आपल्या जुन्या छोट्या रेल्वेचं, इंजिन होईल. सेवाग्रामला भंगार लोखंडातून केलेले गांधीजी आणि विनोबा उभे आहेत, समितीतल्या चार जणांना एक दिवस तिथं नेऊन आणा, वादावादी अर्धी कमी होते. एक मात्र सांभाळा, शकुंतलेच्या रुळाचा तुकडा किंवा स्लीपर कोणी प्रेमानं आणून दिलं तरी घेऊ नका, ती दुसऱ्याची मालमत्ता आहे, गुन्हा दाखल होतो आणि नाव सचिवाचं येते. जमा झालेलं लोखंड वायर ब्रशनं घासून, रेड ऑक्साईडचा हात मारून, वर रंगाचे दोन हात, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा. धारदार कडा सगळ्या घासून गोल करा, कारण लेकरं त्याच्यावर चढणारच. पाटी लावून चढणं थांबत नाही, तेव्हा चढलं तरी लागणार नाही असंच करा. आणि ते कडुनिंबाच्या नाही तर वडाच्या सावलीत ठेवा, मे महिन्यात उन्हातल्या लोखंडाला हात लागला तर पोळते.

जागेबद्दल. चौक आणि डिव्हायडर सोडून द्या, वर सांगितलंच. नगरपरिषदेचा बगिचा, वाचनालयाचं आवार, तलावाची पाळ, आठवडी बाजाराच्या कडेची मोकळी जागा, शाळेचं मैदान, यातलं पाहा. जागा नगरपरिषदेची आहे का नझूलची, म्हणजे सरकारची, आहे का कोणाच्या देवस्थानाची आहे हे कागद पाहून पक्कं करा, सगळे म्हणतात नगरपरिषदेची आहे यावर जाऊ नका. आणि पाया. आपली काळी माती तुम्ही जाणताच, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगून वर येते. तिच्यावर दोन फूट खोदून ओटा बांधला आणि अर्धा टन दगड ठेवला तर दोन पावसाळ्यांत तो वाकडा झालाच समजा. मुरूम लागेपर्यंत खोदा, तिथून काँक्रीट उचला, बाजूनं मातीऐवजी मुरूम भरा, पाणी साचणार नाही असा उतार द्या. मुरूम फार खोल असला तर बांधकाम विभागातल्या एखाद्या रिटायर्ड इंजिनिअरला विचारून पाइल करा, गावात असा एक तरी माणूस असतो आणि त्याला कोणी विचारलं तर आनंदच होते. पायाचा खर्च जमिनीखाली जातो म्हणून समिती कुरकुर करेल, करू द्या.

नालीवाले जे बोलून राहिले त्यांना हसून सोडून देऊ नका. ज्याच्या घरासमोर पाणी तुंबते तो बोलणारच आणि त्याचं बोलणं रास्त आहे. त्याला दोन गोष्टी द्या. एक म्हणजे हिशोब, हा पैसा नगरपरिषदेच्या करातला नाही, वर्गणीचा आहे, कोणाचे किती आले आणि कशावर किती गेले याचा बोर्ड कामाच्या जागेवरच लावा आणि दर आठवड्याला खडूनं पुढं लिहीत जा. आणि दुसरं, दोन दगडी शिल्पांपैकी एक लोकांच्या कामाचं करा. बाजाराजवळ झाडाखाली दगडी पार करा, बसायची जागा पॉलिश आणि चारही बाजूंनी गावच्या शंभर वर्षांची कोरीव पट्टी, जिनिंग, बाजार, शकुंतला, दुष्काळाची वर्षं, पहिली शाळा. खेड्यावरून बाजाराला आलेली बाई बस येईपर्यंत त्याच्यावर टेकेल, दुपारी म्हातारे बसतील. रोज शंभर माणसांच्या बसण्यात आलेल्या दगडाबद्दल कोणी म्हणत नाही की पैसा वाया गेला. तो पार करायलाही तुमचेच पाथरवट लागतात, हे आणखी चांगलं. आणि मनापासून वाटते म्हणून सांगते, त्या पट्टीवर कापूस वेचणाऱ्या बाया नक्की आणा, गाव त्यांच्या हातावर उभं राहिलं आणि शंभर वर्षांत त्यांचं कुठं एक चित्र नाही.

काय कोरायचं हे समितीनं बंद खोलीत ठरवू नका. प्रत्येक जोडीकडून फूटभर उंचीचं शाडूचं मॉडेल करून घ्या, त्याचे पैसे वेगळे द्या, निवड होवो न होवो. फुकट डिझाइन मागवायची पद्धत फार वाईट आहे, कारागिराचे चार दिवस बुडतात आणि आपण त्याला संधी दिली म्हणतो. मग ती मॉडेलं बाजाराच्या दिवशी टेबलावर मांडा, तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा आणि लोक काय बोलतात ते ऐका. बोंडाचं कवच उलटं फिरलं आहे हे शेतकरीच सांगेल.

पैशाचं, माझ्या मते निम्मे मानधनाला, पाव भाग दगड, लोखंड, हायड्रा आणि पायाला, उरलेल्यात राहणं-जेवण, मॉडेलं, मास्क, विजेचं बिल, आणि शेवटचे एक-सव्वा लाख हातच लावायचे नाहीत, नगरपरिषदेच्या नावानं एफडी करून व्याजातून देखभाल. मानधनाचा एक हप्ता काम सुरू व्हायच्या आधीच द्या, पाथरवटाचं घर रोजच्या कामावर चालते, तो तीन आठवडे तुमच्याकडं थांबला तर तिकडं चूल कशी पेटेल. जवळपास सिमेंट किंवा कोळशाची कंपनी असली तर सीएसआरमधून, म्हणजे त्यांच्या समाजकामाच्या पैशातून मागा, कंपनी कायद्याच्या यादीत कला आणि पारंपरिक हस्तकला बसतात. पण त्यांचा लोगो शिल्पावर नको, बाजूच्या बोर्डवर.

करारनामा करा, साध्या मराठीत, दोन पानांचा. त्यात एक कलम नक्की घाला की पुढं शिल्प हलवायचं, दुरुस्त करायचं किंवा काढायचं झालं तर आधी कलाकारांना कळवायचं. हे औपचारिक वाटेल, पण दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचं मोठं कांस्य भित्तिशिल्प होतं, 1979 मध्ये ते त्यांना न विचारता काढलं आणि स्टोअरमध्ये टाकलं, ते कोर्टात गेले आणि 2005 मध्ये दिल्ली हायकोर्टानं शिल्प त्यांना परत द्यायला आणि 5 लाख भरपाई द्यायला सांगितलं. काम विकत घेतलं तरी त्याची मोडतोड करायचा हक्क आपल्याला मिळत नाही, कॉपीराइट कायद्याचं कलम 57 आहे तसं. उद्या रस्ता रुंद होईल, नवीन मुख्याधिकारी येतील, त्यांना हा कागद फाइलमध्ये सापडला पाहिजे.

आणि कोनशिला. पाहुण्यांची, पदाधिकाऱ्यांची नावं लागतील, लागू द्या, पण त्यासाठी बाजूला वेगळा दगड. शिल्पावर नाव पाथरवटाचं, लोहाराचं, शिल्पकाराचं, त्यांच्या हातानं कोरलेलं. तुमच्या गावातल्या जुन्या देवळांवर, विहिरींवर, वेशीवर ज्यांनी काम केलं त्यांच्यातलं एक तरी नाव कोणाला सांगता येते का. यावेळी तसं होऊ देऊ नका.

महिना जानेवारी धरा, संक्रांत झाली की. सोयाबीन निघालेलं असते, वेचणी चालू असली तरी जोर ओसरतो, ऊन सोसवते आणि परीक्षा लांब असतात म्हणून लेकरं आणता येतात. तीन आठवडे पुरतात. पण ठराव, जागेचे कागद आणि पाया हे त्याच्या आधी झालं पाहिजे, पाया तर पावसाळ्याच्या आधीच करून एक पावसाळा खाऊ द्या, काही बसायचं-खचायचं असेल तर दगड ठेवायच्या आधी कळेल. नगरपरिषदेची निवडणूक मधात येऊन राहिली का तेही पाहा, आचारसंहिता लागली की कार्यक्रम लटकतो. अनावरण पोळ्याच्या आठवड्यात ठेवा, बैलही तेव्हाच मांडायचे आहेत.

तहसील आणि नगरपरिषदेचं झालं की मॉडेलांचे फोटो मला पाठवा, मी पाहीन आणि वाटेल ते मोकळेपणानं सांगेन. आणि हायड्रावाल्याला तारीख द्यायच्या आधी कामाच्या जागेपासून पायापर्यंतचा रस्ता एकदा मान वर करून पायी चालून या, विजेच्या तारा कुठं खाली लोंबल्या आहेत ते लिहून घ्या आणि त्या दिवशी तेवढ्या वेळापुरती लाइन बंद ठेवायसाठी महावितरणला आठ दिवस आधी अर्ज द्या.